बंदुकीच्या शेजारची बादली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बादली आहे, पण माझ्यात दूध सोडाच, आता पाणीसुद्धा ठरत नाही. माझ्या अंगाला समोरासमोर दोन भोकं आहेत. डोंगरातल्या एका लाकडी खोपटात, शेगडीमागच्या भिंतीवर, मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्या शेजारी दोन खिळ्यांवर एक बंदूक आडवी ठेवलेली आहे. शिकारीच्या दिवसांत पाहुणे येतात, बुटांचा बर्फ झटकतात आणि आधी तिच्याकडे बघतात. तिचा तो अक्रोडी दस्ता, ती निळसर नळी! "वा, काय देखणी आहे!" म्हणतात. मग नजर माझ्यावर येते आणि कोणीतरी विचारतं, "आणि हे डबडं कशाला टांगलंय?"

डबडं! ऐकलंत ना? इतकी वर्षं त्या बंदूकबाईच्या बरोबरीनं राबले आणि शेवटी मी डबडं. म्हणून आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव मत्सरी आहे. झिजण्यातच धन्यता मानणाऱ्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही शाळेत वाचल्या असतील. मी तशी नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी लपवत नाही.

माझा जन्म पेन्सिल्व्हेनियातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून ठोकून मला गोल केलं, जस्ताच्या रसात बुचकळून काढलं, कडी लावली आणि एका गावच्या दुकानात पाठवलं. तिथे मॅलन स्टॉफर नावाच्या शेतकऱ्याची नवी नवरी आली. तिचं नाव मिरियम. तिनं रांगेतल्या सगळ्या बादल्यांना एकेक टिचकी मारून पाहिली. माझ्यापाशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "हिचा आवाज चांगला आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

गोठ्यातली माझी वर्षं सुखाची गेली. पहाटे मिरियमचे गार हात, गायीची ऊब, आणि रिकाम्या तळावर दुधाची पहिली धार पडली की होणारा तो खणखणीत आवाज! मिरियमची दोन मुलं, थोरला डॅरिल आणि धाकटी वर्ना, फेसात बोटं बुडवून चाटायची. दोघांमध्ये बोटांवरूनसुद्धा भांडण. "त्याचं बोट मोठं आहे, त्याला जास्त मिळतं," अशी वर्नाची तक्रार असायची. मला ती पोर तेव्हापासून जवळची वाटते. तिच्याही पोटात दुखायचं.

मग दूध काढायचं यंत्र आलं. रबरी नळ्यांचं, घुरघुर करणारं. त्याच्या भोवती सगळं घर जमलं आणि मॅलननं त्याच्यावरून असा हात फिरवला, जसा त्यानं माझ्यावरून कधी फिरवला नव्हता. मी कोंबड्यांच्या दाण्यासाठी कोपऱ्यात गेले. तिथे बसून मी त्या यंत्राला रोज शिव्याशाप देत असे. ते दोनदा बिघडलं तेव्हा मला झालेला आनंद मी इथे लिहीत नाही.

पण मित्रांनो, माझं खरं आयुष्य तिथून पुढे सुरू झालं.

स्टॉफरांच्या शेताच्या मागे डोंगर लागतो. नोव्हेंबर संपता संपता, एका सोमवारी, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या सोमवारी तिकडच्या शाळाही बंद असतात, कारण शिकवणारे आणि शिकणारे दोघंही डोंगरात असतात. मॅलनचं सगळं गणगोत या खोपटात जमायचं. एकट्यानं झाडाखाली बसून थंडीत कुडकुडत हरणाची वाट बघणं मॅलनला मंजूर नव्हतं. तो हाका घालायचा. निम्मी माणसं बंदुका घेऊन ओढ्यापलीकडे जागा धरून बसायची. निम्मी माणसं बिनबंदुकीची, अलीकडच्या रानातून ओरडत, काठ्या आपटत यायची. हरणं उठायची, ओढा ओलांडायची आणि बसलेल्यांच्या समोर जायची.

पहिली काही वर्षं हाकेकऱ्यांचे घसे दुपारपर्यंत बसायचे. तेव्हा मिरियमनंच मला कोपऱ्यातून काढलं आणि वर्नाच्या हातात दिलं. "घसा कशाला फोडून घेतेस? ही बडव. हिचा आवाज चांगला आहे."

वर्ना तेव्हा शाळा संपवून घरचं दूधदुभतं बघू लागली होती. तिनं हिकरी लाकडाचा एक दांडा तासला, मला डाव्या कोपरात अडकवलं आणि पहिला ठोका दिला. अहाहा! समोरच्या डोंगरानं तो ठोका परत पाठवला. कावळे उडाले, खारी पळाल्या, आणि झुडपाआडून हरणांच्या पांढऱ्या शेपट्या वर झाल्या. मी वाजले आणि डोंगर हलला. त्या दिवशी यंत्राला मी माफ केलं.

हाक्याची मजा काय असते ते शिकार न करणाऱ्याला सांगून कळायचं नाही. सकाळी शेगडीवर डुकराच्या मांसाच्या वड्या आणि अंडी तळली जातात. सगळे एकमेकांच्या जुन्या फजित्या काढतात. मग मॅलन काडीनं जमिनीवर डोंगर काढून प्रत्येकाला जागा सांगतो, आणि एरवी वर्षभर एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ एकाच रेषेत, एकमेकांवर भरवसा ठेवून चालू लागतात. हरिण कोणाच्याही गोळीनं पडो, मांस सगळ्या घरांत सारखं वाटलं जातं. हे सगळं मला फार आवडायचं. एक गोष्ट सोडून.

मांस सारखं वाटलं जायचं, पण कौतुक नाही. कौतुक सगळं बंदुकीला.

ही जी शेजारी टांगली आहे तीच ती. डॅरिलची. संध्याकाळी हरिण बाहेरच्या आडव्या वाशाला टांगलं की सगळे तिच्याभोवती. "काय बार बसला!" "एका गोळीत!" अहो, पण ते हरिण तुमच्यासमोर आणलं कोणी? काट्यांतून, चिखलातून, लॉरेलच्या दाट झुडपांतून कोण वाजत आलं? मग डॅरिल तिला तेल लावायचा, मऊ फडक्यानं पुसायचा आणि शेगडीच्या उबेला ठेवायचा. मी बाहेर पायऱ्यांखाली, बर्फ गोळा करत. ती आतून माझ्याकडे बघत असणार, याची मला खात्री होती.

चुकणाऱ्यांसाठी मात्र या खोपटाचा एक छान रिवाज होता. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाची मागची शेपटी मॅलन कात्रीनं कापायचा आणि नाव लिहून भिंतीला ठोकायचा. शेजारच्या शेतावरचा एल्वुड, थट्टेखोर माणूस, त्याच्या शेपट्या सगळ्यांत जास्त. "माझी बायको आता मला शर्ट शिवतच नाही," तो म्हणायचा. "नुसत्या शेपट्या शिवून देते." त्या भिंतीवर डॅरिलची एकही शेपटी नव्हती. मी रोज वाट बघायचे.

आता एक नियम सांगते, तो नीट लक्षात ठेवा. बाकीचे हाकेकरी उघड्या उतारावरून यायचे, ते सगळ्यांना दिसायचे. लॉरेलच्या दाटीतून मात्र एकटी वर्ना यायची आणि ओढ्याच्या वळणाआड लाकडी पुलापाशी बाहेर पडायची. बंदूकवाल्यांना तो पूल दिसायचा नाही. म्हणून मॅलननं ठरवून दिलं होतं, बादली वाजते आहे तोवर झुडपाच्या दिशेनं गोळी नाही. फक्त ओढा ओलांडून उघड्यावर आलेलं हरिण मारायचं. बादली थांबली, की वर्ना पुलावर पोचली असं समजायचं. मग झुडपात मागे राहिलेलं हरिण दिसलं तर मोकळीक. म्हणजे बघा, एवढ्या बंदुका माझ्या तालावर चालायच्या. पण हे कधी कोणी बोलून दाखवलं नाही.

वर्षं गेली. मिरियम वारली. मॅलनचे गुडघे गेले. आणि वर्नाच्या मनात एक गोष्ट घर करून बसली, जी मला मुळीच आवडत नव्हती. तिला खडकावर बसायचं होतं.

ओढ्यापलीकडचा तो खडक म्हणजे हाक्यातली सगळ्यांत मोक्याची जागा. तिथे डॅरिल बसायचा. वर्नाचा नेम त्याच्यापेक्षा सरस होता. गोठ्यामागे ठेवलेले डबे ती एकामागून एक उडवायची आणि डॅरिल ते बघून काहीतरी काम आठवल्यासारखा निघून जायचा. दर वर्षी ती बापाला विचारायची. दर वर्षी मॅलन हसून म्हणायचा, "तू खडकावर बसलीस तर बादली कोण वाजवणार? तुझ्यासारखी कोणाला जमते का?"

माझं कौतुक झालं की मी फुलायचे. तिचं तोंड मात्र पडायचं. कोपरात मला अडकवून ती निघायची तेव्हा तिची नजर असायची त्या बंदुकीवर. तुम्हीच सांगा, मला काय वाटत असेल? ज्या एका माणसासाठी मी वाजायचे, तिलासुद्धा तीच हवी होती.

पण नुसत्या हेव्यानं वर्ना बोलत नव्हती, हेही सांगायला हवं. एका वर्षी माझ्या गोंगाटानं बिथरलेला एक कोवळा नर ओढ्यावरून सुसाट गेला आणि डॅरिलनं धावत्यालाच गोळी घातली. गोळी पोटात बसली. तो पडला नाही. बर्फात लाल ठिपके टाकत गेला. वर्ना आणि मॅलन अंधार पडेपर्यंत माग काढत फिरले. तो सापडला तेव्हा जिवंत होता. मी वर्नाच्या कोपरातच होते. त्याचे डोळे मी पाहिले, पण त्याच्याबद्दल बोलणं मला जमत नाही.

त्या दिवशी जेवताना दार अर्धवट उघडं होतं आणि मी पायऱ्यांखालून ऐकत होते. वर्ना म्हणाली, "आपण त्यांना घाबरवून पळवतो आणि मग पळत्यावर बार काढतो. ही कसली शिकार?"

"मग काय, त्यांना आमंत्रण देऊन बोलवायचं?" डॅरिल म्हणाला. "या, बसा, कॉफी घेणार का?"

"सावकाश चालत गेलं तर तीही सावकाश चालत येतात. थांबतात. थांबलेल्यावर नीट नेम धरता येतो."

"नीट नेम धरायचा तर तुला. म्हणजे खडकही तुला. सरळ तसं म्हण ना!"

एल्वुड बटाट्याच्या सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला, "हे बघा, गोंगाट नसेल तर मी कशाला येऊ? घरी मला मोठ्यानं बोलू देत नाहीत."

सगळे हसले. वर्ना हसली नाही. आणि खरं सांगू? माझा तर तिळपापड झाला. सावकाश, मुकाट्यानं चालायचं, म्हणजे मी कशाला हवी? पोरीनं एका वाक्यात माझी भाकरी काढून घेतली होती.

शेवटी ती सकाळ आली. मॅलननं काडीनं डोंगर काढला, जागा वाटल्या आणि गळ्यातली पितळी शिटी काढून हातात धरली. हाका सुरू आणि बंद करायची ती शिटी. ज्याच्या गळ्यात शिटी, तो हाक्याचा कप्तान, आणि खडकावर कोणी बसायचं ते त्याच्या हातात.

"माझे पाय आता चालत नाहीत," तो म्हणाला. "हा माझा शेवटचा हाका. पुढं शिटी कोणाकडं, ते संध्याकाळी सांगतो. आज कोण कसं वागतं ते बघून."

डॅरिल आणि वर्नानं एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज तरी मला खडकावर बसू द्या, बाबा," वर्ना म्हणाली.

"आज कशाला बदल? आज सगळं रोजच्यासारखं होऊ दे. तुझ्यासारखी बादली..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि तिनं मला असा हिसका दिला की माझी कडी कुरकुरली.

त्या डोंगरात एक म्हातारा नर होता. एल्वुडनं त्याला पाद्री असं नाव दिलं होतं, कारण तो वर्षातून एकदा सगळ्यांना दर्शन द्यायचा आणि मग कोणाच्याच हाती लागायचा नाही. रुंद शिंगं, एका कानाला खाच. पाद्री ज्याला मिळेल त्याच्याच गळ्यात शिटी पडणार, असं सकाळपासून सगळे धरून चालले होते. मॅलन तसं म्हणाला नव्हता. पण डॅरिल बंदूक पुसताना शीळ घालत होता.

शिटी वाजली. आम्ही निघालो. वर्ना मला नेहमीपेक्षा जोरात बडवत होती. माझ्या अंगावर पोचे पडत होते. लॉरेलच्या मध्यावर हेमलॉकचं एक भलं मोठं झाड आडवं पडलेलं आहे. त्याच्यापाशी आलो आणि तिचा हात वरच्या वर थांबला.

समोरच्या एका पडलेल्या फांदीखाली पाद्री बसला होता. हनुवटी जमिनीला टेकवून, कान मागे पाडून. हाका अंगावरून निघून जाईल याची वाट बघत तो बसला होता. तो दर वर्षी असाच निसटत असणार. तो आमच्याकडे बघत होता आणि वर्ना त्याच्याकडे.

आणखी एक ठोका, आणि पाद्री उठला असता. ओढा ओलांडून थेट खडकासमोर गेला असता. बंदुकीनं बार काढला असता आणि संध्याकाळी सगळे तिच्याभोवती नाचले असते. वर्नाच्या हातात बंदूक नव्हती. तिच्याजवळ फक्त मी होते.

ती हलकेच खाली बसली. मला तिनं आडव्या खोडावर ठेवलं, आवाज न करता. दांडा मांडीवर घेतला. तिचा लाल चौकटींचा कोट खोडाआड गेला. वर फक्त मी दिसत होते. "नाही," ती डॅरिलच्या खडकाच्या दिशेनं बघत पुटपुटली. "आज नाही मिळणार तुला."

मित्रांनो, मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. ती बंदूक तिकडे खडकावर वाट बघत तिष्ठत होती आणि मी गप्प होते. वाजून जे मला कधी मिळालं नव्हतं, ते गप्प बसून मिळत होतं. बादली थांबली म्हणजे वर्ना पुलावर पोचली, हा नियम मला आठवला नाही. तिला आठवला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

मग माझ्या अंगातून काहीतरी आरपार गेलं.

आवाज मागाहून आला. मी खोडावरून उडाले आणि वर्नाच्या गुडघ्यापाशी पडले. पाद्रीनं झेप घेतली, ओढ्याकडे नव्हे, मागे, डोंगरावर. पांढरी शेपटी झाडांत नाहीशी झाली. वर्ना तशीच बसून होती. तिचा हात मी मघाशी जिथे होते त्या खोडावर होता. त्या जागेपासून तिचं डोकं किती दूर होतं ते तुम्ही आपल्या हातानं बघा. मनगटापासून कोपरापर्यंत, बस.

आणि मग ती किंचाळली. त्या किंकाळीसमोर माझा सगळा जन्माचा खणखणाट काहीच नव्हता.

डॅरिल ओढ्याच्या पाण्यातून धावत आला. झुडपं ओरबाडत होती, टोपी कुठेतरी पडली होती. "वर्ना! वर्ना! अगं बोल ना!" ती दिसली तेव्हा तो तिच्यासमोर गुडघ्यांवर पडला आणि तिच्या अंगाला, खांद्याला, केसांना हात लावून बघू लागला, कुठे रक्त आहे का ते. रक्त नव्हतं. मग त्याला मी दिसले. मला उचलून त्यानं माझ्या भोकांतून पलीकडे पाहिलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला.

"मला हरिण वाटलं," तो म्हणत होता. "करडं दिसलं... मला अंग वाटलं हरणाचं."

हिवाळ्यात हरणाचं अंग करडं होतं, आणि माझं जस्तही जुनं होऊन तसंच झालं होतं. त्याला मीच हरिण वाटले होते.

संध्याकाळी खोपटात शेगडी पेटली होती, पण जेवणाला कोणी हात लावला नाही. मला त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. पहिल्यांदाच मी आत होते. मॅलन कात्री घेऊन उठला. डॅरिलनं न सांगता पाठ फिरवली. कात्री चालली. कोणी हसलं नाही, एल्वुडसुद्धा नाही. मॅलननं ती शेपटी भिंतीला ठोकली.

मग तो वर्नाकडे वळला. "तुझी पण."

"तिची कशाला, कप्तान?" एल्वुड म्हणाला. "तिनं कुठं गोळी झाडली?"

"बादली का थांबवलीस?" मॅलननं तिला विचारलं.

वर्नानं हातातला दांडा टेबलावर माझ्याशेजारी ठेवला. मग म्हणाली, "पाद्री समोर बसला होता. याला मिळू नये म्हणून थांबवली."

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. डॅरिल माझ्याकडे बघत होता. "मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "बादली लवकर थांबली हे मला कळलं होतं. इतक्या लवकर पूल येत नाही. इतकी वर्षं ऐकतोय, मला काय ठाऊक नाही? पण मला वाटलं, थांबली ना? मग मोकळीक आहे. मला तो आजच हवा होता. तुझ्या आधी."

वर्नानं पाठ फिरवली. कात्री पुन्हा चालली. या वेळी कापड वेडंवाकडं कापलं गेलं. दोन्ही शेपट्या त्यानं एकाच खिळ्याला ठोकल्या. मग बंदूक उचलून भिंतीवर ठेवली आणि म्हणाला, "ही आता इथून खाली येणार नाही." नंतर मला उचललं. यंत्रावरून फिरवला होता तसाच हात त्यानं माझ्यावरून फिरवला. अगदी सावकाश, भोकाच्या कडेपर्यंत. आणि मला तिच्या शेजारी टांगलं.

शिटी त्यानं टेबलावर टाकली. "ज्याला उचलावीशी वाटेल, त्यानं पुढच्या वर्षी उचलावी."

रात्रभर ती तिथेच होती. सकाळी सगळे निघून गेले, तरी ती तिथेच होती.

पुढच्या नोव्हेंबरात मला वाटलं, आता कोणी येणार नाही. पण सगळे आले. मॅलन काठी टेकत आला. शिटीवर धूळ बसली होती. डॅरिलनं ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि वर्नाच्या गळ्यात घातली. "तू सांगशील तसं," एवढंच तो म्हणाला. तिनं काडीनं जमिनीवर डोंगर काढला. माणसं थोडी, चाल सावकाश, गोंगाट नाही, धावत्या हरणावर गोळी नाही. खडकावर ती स्वतः बसणार होती. लॉरेलच्या दाटीतून डॅरिल चालणार होता, बिनबंदुकीचा.

"आणि तुला कळणार कसं मी कुठं आहे ते?" त्यानं विचारलं.

"बोलत ये. साध्या आवाजात. थांबलास तरी बोल. पुलावर आलास की माझं नाव घे. नाव ऐकल्याशिवाय मी झुडपाकडं नळी वळवणार नाही."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या घाल."

"मग हाका संध्याकाळपर्यंत चालेल," एल्वुड म्हणाला, आणि वर्षभरानं त्या खोपटात हसू ऐकू आलं.

दार उघडं होतं. त्या दिवशी वारा नव्हता. मी भिंतीवरून ऐकत होते. दुरून डॅरिलचा आवाज येत होता, गायीशी बोलावं तसा संथ. "वर्ना, हेमलॉकपाशी आहे. वर्ना, पाय घसरला, पण आहे. वर्ना, इथं थांबतोय जरा. इथंच आहे." संध्याकाळी त्यांच्या बोलण्यातून कळलं, हरणं त्या आवाजाला बिचकत नव्हती. दोन माद्या थांबत थांबत ओढा उतरल्या आणि वर्नानं त्यांना जाऊ दिलं. गोळी त्या दिवशी झाडलीच नाही. मग वळणाआडून त्यानं तिचं नाव घेतलं. तिनं शिटी वाजवली.

मित्रांनो, मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. भिंत मिळाली, बंदुकीच्या बरोबरीची जागा मिळाली, धन्याचा हात अंगावरून फिरला. ती बंदूकही आता माझ्यासारखीच धूळ खाते. पण माझा स्वभाव काही गेला नाही. आता मला त्या आवाजाचा हेवा वाटतो, तो साधा, न ठोकता येणारा आवाज, जो थांबल्यावरसुद्धा सांगतो की मी इथे आहे. माझ्यात ते नव्हतं. मी थांबले की सगळ्यांना वाटायचं, पलीकडे कोणी नाही.

कधी या खोपटात आलात, तर मला डबडं म्हणा, चालेल. पण माझ्या भोकाला डोळा लावून एकदा पलीकडे बघा. त्या भोकातून समोरच्या भिंतीवर एकाच खिळ्याला ठोकलेल्या दोन शेपट्या दिसतात. आणि रोज ज्याचा आवाज येतो तो एखाद्या दिवशी आला नाही, तर तिथे कोणी नाही असं धरून चालू नका. आधी नाव घेऊन हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.